गाणं नेटवर सोडण्याआधी आणि चोरीला गेल्यावर

"माझं गाणं कुणीतरी टेलिग्रामवर टाकलंय, आता काय करू?" असं विचारणाऱ्याला मी आधी उलट विचारतो, की गाणं तुमचं आहे हे दाखवणारा एखादा कागद आहे का? बहुतेकदा नसतो. कवितेची वही असते, स्टुडिओचं बिल मित्राच्या नावावर असतं, वादकांना पैसे रोख दिलेले असतात. चाल नक्की कोणाची यावर गाणं चालेपर्यंत कुणी बोलत नाही आणि चाललं की दोन मतं होतात. अशा गाण्याची तक्रार लगेच लंगडी पडते. स्वतःच्या खिशातून गाणी करणाऱ्या कलाकाराचं चोरापेक्षा जास्त नुकसान हा न केलेला कागद करतो, असं माझं स्पष्ट मत आहे. म्हणून इथे आधी कागद, मग विक्री आणि चोरीचा बंदोबस्त त्यानंतर.

पायरी 1 : गाण्यात कोणाचं काय आहे ते ओळखा

भारताच्या 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या नजरेत एका गाण्यात तीन वेगळ्या मालमत्ता असतात. शब्द ही साहित्यकृती, चाल ही संगीतकृती आणि जे ऐकू येतं ते ध्वनिमुद्रण. शब्दांचा पहिला मालक कवी, चालीचा संगीतकार आणि ध्वनिमुद्रणाचा निर्माता. निर्माता म्हणजे कायद्याच्या भाषेत मुद्रणासाठी पुढाकार आणि जबाबदारी घेणारा. स्टुडिओ तासावर भाड्याने घेतला म्हणून स्टुडिओवाला मालक होत नाही. पण त्याने "पैसे नको, गाणं आपण मिळून करू" म्हटलं असेल तर गोष्ट बदलते, आणि तेव्हा लिहून ठेवलेलंच कामाला येतं.

गायक आणि वादक यांना या तिन्हींव्यतिरिक्त कलावंताचे हक्क असतात. ते सादरीकरणानंतर 50 वर्षं चालतात. नाव देण्याचा आणि गाण्याची मोडतोड होऊ न देण्याचा हक्कही त्यात येतो.

मुदतींचा हिशोब असा : शब्द आणि चाल यांचा हक्क कवी-संगीतकाराच्या हयातीत आणि निधनानंतर 60 वर्षं, तर ध्वनिमुद्रणाचा प्रकाशनानंतर 60 वर्षं. दोन्ही ठिकाणी मोजणी पुढच्या 1 जानेवारीपासून सुरू होते.

पायरी 2 : जुनी कविता घेताय? आधी निधनाचं वर्ष बघा

मराठीत कवितांना चाली लावायची हौस मोठी आहे, म्हणून इथे जरा थांबू या.

तुकोबांचा अभंग सगळ्यांचा. पण तुम्ही तो एखाद्या विसाव्या शतकातल्या संगीतकाराच्या चालीवर गाणार असाल तर शब्द मोकळे असले तरी चाल मोकळी नसते. "अभंग आहे, त्याला कसला कॉपीराइट" असं म्हणून टाकलेल्या कितीतरी व्हिडिओंवर दावे येतात ते याच कारणाने. आपली चाल लावा किंवा खरोखर पारंपरिक असलेली घ्या. ती पारंपरिक आहे हे मात्र नीट तपासा. पुष्कळ "पारंपरिक" चालींना एक नाव असतं, फक्त ते विसरलेलं असतं.

कवींचं गणित सोपं आहे. बालकवी 1918 साली गेले, गोविंदाग्रज 1919 साली. दोघांच्या कविता मोकळ्या. मर्ढेकर 1956 साली गेले, त्यांची मुदत 2016 च्या अखेरीस संपली. बोरकरांचं निधन 1984 चं, म्हणजे 2044 संपेपर्यंत वारसांची परवानगी लागेल. कुसुमाग्रज (1999) 2059 पर्यंत आणि सुरेश भट (2003) 2063 पर्यंत. कवीच्या निधनानंतर पहिल्यांदा छापल्या गेलेल्या कवितेची 60 वर्षं मात्र प्रकाशनाच्या वर्षापासून मोजायची, ही मेख लक्षात ठेवा.

भा. रा. तांबे आणि रवींद्रनाथ टागोर दोघंही 1941 साली गेले. तेव्हाच्या 50 वर्षांच्या नियमाने दोघांच्या कविता 1991 अखेरीस मोकळ्या झाल्या असत्या. टागोरांच्या साहित्यासाठी मुदत 60 वर्षं करण्यात आली आणि तिचा लाभ ओघाने तांब्यांच्या वारसांनाही झाला. आज दोघंही मोकळे आहेत.

हयात कवीची किंवा मुदतीतली कविता हवी असेल तर परवानगी मागा, आणि ती लेखी मागा. पुस्तकाच्या प्रकाशकाकडे गाण्याचे हक्क असतीलच असं नाही, ते बहुधा कवीकडे किंवा वारसांकडे राहिलेले असतात. दोघांनाही विचारलेलं बरं.

पायरी 3 : वाटणीचा कागद, रेकॉर्डिंगच्या दिवशीच

गाणं गाजल्यावर हा कागद करणं जवळजवळ अशक्य असतं. रेकॉर्डिंगच्या दिवशी सगळे खूश असतात, तेव्हाच करा. एका पानात भागतं. गाण्याचं नाव, तारीख आणि प्रत्येकाचं पॅनवर आहे तसं नाव लिहा. शब्द कोणाचे, चाल कोणाची, संगीत संयोजन कोणाचं, ध्वनिमुद्रणाचा मालक कोण आणि येणाऱ्या पैशाचे टक्के किती, हे त्याखाली. सर्वांच्या सह्या घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या अंगठ्याच्या भरवशावर राहू नका. हक्काचं हस्तांतरण लेखी आणि सहीचं असल्याशिवाय कायदा ते मानत नाही.

त्या कागदात मुदत आणि प्रदेश न विसरता लिहा. मुदत लिहिली नाही तर कायदा ती 5 वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. तुमचं गाणं न्यू जर्सीतल्या किंवा दुबईतल्या मराठी घरांत ऐकलं जाणार असेल तर "संपूर्ण जग" हे दोन शब्द हवेतच.

वादकांना मानधन दिलं की विषय संपला असं समजू नका. मानधन मिळालं, या मुद्रणाच्या वापराला संमती आहे, श्रेयनामावलीत नाव येईल, अशा तीन ओळींवर त्यांची सही घ्या. नाव देण्याचा शब्द पाळा. तो पाळला जात नाही म्हणून दुरावलेले वादक या क्षेत्रात बरेच आहेत.

आता तुमच्यासमोर एखाद्या कंपनीचा करार आला तर. "सर्व हक्क कायमस्वरूपी, सर्व माध्यमांत, एकरकमी मोबदल्यात" हे वाक्य त्यात हमखास असतं. 2012 च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीतला समान वाटा अशा करारातूनही सोडता येत नाही. सोडल्याचं लिहिलं असेल तरी ते कलम निरर्थक ठरतं. ही तरतूद गीतकार आणि संगीतकारांसाठी आहे. ध्वनिमुद्रणाची मालकी मात्र तुम्ही सहीनिशी देऊन टाकू शकता, म्हणून तिथे सही करताना हात आखडता घ्या. शक्य तिथे मालकी देऊ नका, ठरावीक वर्षांचा परवाना द्या.

पायरी 4 : नोंदणी करायची का?

कॉपीराइट निर्मितीबरोबरच जन्माला येतो, नोंदणी सक्तीची नाही. तरीही ज्या गाण्यावर पैसा लावलाय त्याची करा. ती साताऱ्या-सांगलीकडच्या माणसाला सातबाऱ्यासारखी समजावून सांगता येते : उतारा म्हणजे मालकीचा अंतिम पुरावा नव्हे, पण तुमचं नाव त्यावर असेल तर ते खोटं ठरवायची जबाबदारी समोरच्यावर जाते.

नोंदणी कॉपीराइट कार्यालयाच्या संकेतस्थळावर ऑनलाइन होते. शब्द किंवा चाल यांची फी प्रत्येकी 500 रुपये, ध्वनिमुद्रणाची 2,000 रुपये. अर्जानंतर हरकतींसाठी 30 दिवस थांबावं लागतं आणि पुढे तपासणीला वेळ जातो. त्यामुळे प्रमाणपत्राची वाट पाहत प्रकाशन अडवू नका, फक्त अर्जाला मिळालेला डायरी क्रमांक जपून ठेवा. कवी किंवा गायक वेगळे असतील तर त्यांचं ना-हरकत पत्र लागतं. पायरी 3 चा कागद केला असेल तर हे काम चटकन होतं.

स्वतःलाच रजिस्टर पोस्टाने सीडी पाठवून पाकीट न फोडता ठेवण्याचा तोडगा अजून कानावर येतो. त्याने नोंदणी होत नाही. त्यापेक्षा प्रोजेक्ट फाइल, कच्ची रेकॉर्डिंग्ज आणि तारखांसह ईमेल दोन ठिकाणी जपून ठेवा. मूळ वेगळे ट्रॅक ज्याच्याकडे असतात त्याच्याशी वाद घालणं अवघड जातं.

पायरी 5 : गाण्याचे क्रमांक आणि दोन वेगळे पैसे

प्रत्येक ध्वनिमुद्रणाला आयएसआरसी हा बारा अक्षर-अंकांचा क्रमांक लागतो. स्ट्रीमिंगवर पैसे कोणाच्या खात्यात जायचे ते याच क्रमांकावरून ठरतं. वितरक, म्हणजे अ‍ॅपवर गाणी पोचवणारी कंपनी, तो देतो. स्वतःचं लेबल असेल तर इंडियन म्युझिक इंडस्ट्री या संस्थेकडून स्वतःचा उपसर्ग, म्हणजे क्रमांकाची ठरलेली सुरुवात, घेता येतो. वितरक बदलताना जुनेच क्रमांक पुढे न्या. नवे घेतले तर ऐकण्याचे आकडे शून्यापासून सुरू होतात.

आता असा मुद्दा जो नवखेच नव्हे तर मुरलेलेही चुकतात. वितरकाकडून येतात ते फक्त ध्वनिमुद्रणाचे पैसे. शब्द आणि चालीचे पैसे वेगळ्या वाटेने जातात आणि भारतात ते गोळा करते मुंबईची आयपीआरएस ही संस्था. 1969 साली स्थापन झालेली ही संस्था 2017 साली पुन्हा कॉपीराइट सोसायटी म्हणून नोंदली गेली. तुम्ही गीतकार किंवा संगीतकार असाल तर सभासद व्हा. सभासद होऊन थांबू नका, प्रत्येक गाणं टक्क्यांसह तिथे नोंदवा. न नोंदवलेल्या गाण्याचे पैसे तुमच्यापर्यंत पोचायला वाटच नसते. गायक-वादकांसाठी इसाम्रा ही वेगळी संस्था आहे.

नावाचं रोमन स्पेलिंग एकदा ठरवा आणि सगळीकडे अक्षरशः तेच वापरा. एके ठिकाणी एक "ए" आणि दुसरीकडे दोन, असं झालं की अ‍ॅपवर तुमची दोन पानं तयार होतात आणि अर्धी गाणी दुसऱ्याच कुणाच्या खात्यात दिसतात. भाषेच्या रकान्यात "मराठी" निवडा. हिंदी निवडल्याने गाणं जास्त लोकांपर्यंत जातं हा भ्रम आहे. ते चुकीच्या लोकांपर्यंत जातं.

पायरी 6 : वितरक निवडणं

स्पॉटिफाय, अ‍ॅपल म्युझिक, जिओसावन, यूट्यूब म्युझिक अशा ठिकाणी गाणं वितरकामार्फत जातं. काही वितरक वार्षिक वर्गणी घेतात, काही टक्केवारी. वर्षाला एक-दोन गाणी करणाऱ्याला माझा सल्ला टक्केवारीचा. वर्गणी थांबली की गाणी काढून टाकणारे वितरक असतात आणि मग जुन्या गाण्यासाठी तुम्ही आयुष्यभर भाडं भरत बसता. सही करण्याआधी बघायचं ते एवढंच : करार किती वर्षांचा, सोडायला किती दिवसांची सूचना, पैसे काढण्याची किमान रक्कम किती, आणि कॉलर ट्यूनला गाणं जातं का. शेवटचं शहरी मुलांना हास्यास्पद वाटेल, पण लोकगीत, भक्तिगीत करणाऱ्यांनी ते नक्की विचारावं.

प्रकाशनाची तारीख तीन-चार आठवडे पुढची ठेवा. स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणं प्रकाशनाच्या किमान सात दिवस आधी सुचवलं तर तुमच्या अनुयायांच्या नव्या गाण्यांच्या यादीत ते जातं. गणपतीचं गाणं चतुर्थीच्या आदल्या दिवशी चढवणाऱ्यांना काय सांगावं!

आकड्यांबद्दल डोळे उघडे ठेवा. एका ऐकण्याचा दर ठरलेला नसतो. वर्गणी आणि जाहिरातींचा पैसा एकत्र करून ऐकण्याच्या प्रमाणात वाटला जातो. 2024 पासून स्पॉटिफायवर मागच्या बारा महिन्यांत 1,000 वेळा न ऐकलेल्या गाण्याला ध्वनिमुद्रणाची रॉयल्टीच मिळत नाही. म्हणून कोणी स्ट्रीम विकायला आलं तर विकत घ्यायचा मोह होतो. घेऊ नका. खोटे स्ट्रीम पकडले जातात, दंड वितरकाला होतो आणि वितरक तुमचं खातं बंद करतो.

पायरी 7 : थेट विक्री

ऐकणारे थोडे पण जिवाभावाचे असतील तर थेट विक्रीतच पैसा आहे. परदेशातल्या श्रोत्यांसाठी बँडकॅम्प हे गाणी विकायचं संकेतस्थळ सोयीचं. डिजिटल विक्रीवर ते 15 टक्के घेतात, वस्तूंवर 10, वर पैसे हस्तांतराचा खर्च. "किमान इतके, वाटल्यास जास्त द्या" अशी किंमत तिथे ठेवता येते आणि महाराष्ट्र मंडळांच्या दिवाळी-गणपतीच्या कार्यक्रमांतले श्रोते खरोखर जास्त देतात. इथल्या ग्राहकासाठी यूपीआय हवंच. पेमेंट गेटवेची लिंक करा, पैसे जमा झाले की डाउनलोडची लिंक आपोआप जाईल अशी व्यवस्था ठेवा. क्यूआर कोड आणि मग हाताने लिंक पाठवणं मोजक्या ग्राहकांपुरतं ठीक आहे, त्यानंतर कंटाळा येतो आणि ग्राहक ताटकळतो.

फाइलला कुलूप, म्हणजे कॉपी अडवणारं बंधन, घालू नका. अ‍ॅपलने 2009 साली आपल्या दुकानातल्या गाण्यांची कुलपं काढली, कारण त्रास पैसे देणाऱ्यालाच होत होता. फुकट घेणाऱ्याला आधीच न कुलपाची प्रत मिळत होती. 320 केबीपीएसची एमपीथ्री आणि हवी त्याला फ्लॅक किंवा वेव्ह द्या. फाइलच्या आतल्या माहितीत कवी, संगीतकार, गायक, वर्ष, मालकाचं नाव-पत्ता आणि विकत घेण्याचा दुवा भरा. ध्वनिमुद्रणावर निर्मात्याचं आणि हक्कधारकाचं नाव-पत्ता आणि प्रकाशनवर्ष असावं असं कायदाही सांगतो. अशी फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर फिरली तरी निदान तुमचं नाव घेऊन फिरते. सोबत शब्दांचं पान, चालीचं नोटेशन किंवा कराओके ट्रॅक द्या. शाळा-महाविद्यालयांच्या स्पर्धांसाठी कराओके ट्रॅकला मागणी असते आणि त्याला लोक आनंदाने पैसे मोजतात.

ग्राहकांचे ईमेल, अर्थात त्यांच्या संमतीने, स्वतःकडे ठेवा. रेसो हे अ‍ॅप भारतात जानेवारी 2024 अखेरीस बंद झालं, त्याच वर्षी विंकही आवरलं गेलं. अ‍ॅप गेलं की तिथले अनुयायीही गेले.

पायरी 8 : कंटेंट आयडीचे सापळे

यूट्यूबची कंटेंट आयडी यंत्रणा तुमच्या गाण्याची ध्वनिछाप घेऊन बाकीच्या व्हिडिओंत ते शोधते. वितरकामार्फत ती सुरू करता येते. पण गाण्यात इंटरनेटवरून घेतलेला बीट, तयार लूप किंवा तानपुरा अ‍ॅपचा आवाज असेल तर करू नका. भाड्याचा बीट आणखी कित्येकांनी घेतलेला असतो. तुमची ध्वनिछाप त्यांच्या व्हिडिओंवर खोटे दावे ठोकते आणि शेवटी वितरक तुम्हालाच बाहेर काढतो.

उलट तुमच्या मूळ गाण्यावर दुसऱ्याचा दावा आला तर घाबरून व्हिडिओ काढू नका. हरकत नोंदवा. दावेदाराला उत्तरासाठी 30 दिवस असतात, तो गप्प बसला तर दावा सुटतो. दावा आणि स्ट्राइक (तक्रारीवरून व्हिडिओ काढला गेल्याचा ठपका) यांत गल्लत नको : दाव्यात जाहिरातीचा पैसा जातो, 90 दिवसांत तीन स्ट्राइक आले तर चॅनेल जातं.

"दहा सेकंद वापरलं तर चालतं", "श्रेय दिलं की झालं", "कमाई करत नाही म्हणून हरकत नाही" या तिन्ही समजुतींना कायद्यात आधार नाही. खासगी वापर, समीक्षा, चालू घडामोडींचं वार्तांकन यांना रास्त वापराची सूट आहे. लग्नाच्या रीलखाली लावलेलं गाणं त्यात बसत नाही. कव्हरसाठी, म्हणजे दुसऱ्याचं गाणं नव्याने गाऊन टाकण्यासाठी, शब्द-चालीच्या मालकाची परवानगी घ्या. कायद्यात कव्हरसाठी वैधानिक परवाना आहे, पण तो मूळ मुद्रणाच्या वर्षानंतर पाच कॅलेंडर वर्षं गेल्यावर, आणि दरवर्षी किमान 50,000 प्रतींची रॉयल्टी भरून. घरी गिटार घेऊन बसणाऱ्यासाठी तो नाहीच.

पायरी 9 : चोरी झाली

आधी पुरावा, मग आरडाओरडा. फेसबुकवर चोराचं नाव घेऊन पोस्ट टाकली की तो व्हिडिओ उडवतो आणि तुमच्या हातात काही उरत नाही. पानाचा पत्ता, तारीख-वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट, स्क्रीन रेकॉर्डिंग, पाहणाऱ्यांचे आकडे, कमाईची जाहिरात दिसत असेल तर तीही टिपून घ्या. न्यायालयात जायचं झालं तर या इलेक्ट्रॉनिक पुराव्याला भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 खालचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. म्हणून कोणत्या फोनवर काय टिपलं तेही लिहून ठेवा.

मग चोर कोणता ते पाहा. गावच्या जत्रेत तुमचं गाणं वाजवून त्याचा व्हिडिओ टाकणारा पोरगा आणि तुमचं गाणं स्वतःच्या लेबलच्या नावाने चढवणारा माणूस यांना एक काठी नको. पहिल्याच्या व्हिडिओवर कंटेंट आयडीने जाहिरातीचा वाटा घ्या, व्हिडिओ राहू द्या. डीजे रिमिक्सवाल्याला मी आधी फोन करतो. नाव आणि टक्के देऊन रीतसर प्रकाशित करायला तो तयार झाला तर दोघांचं भलं होतं. तुमचं गाणं स्वतःच्या नावाने चढवणाऱ्याशी मात्र गोड बोलण्यात वेळ घालवू नका. यूट्यूबचा कॉपीराइट अर्ज भरा, आणि ऑडिओ अ‍ॅपवर असेल तर त्या अ‍ॅपला आणि तुमच्या वितरकाला एकाच दिवशी कळवा. यूट्यूबवर त्याने प्रतिदावा केला तर कोर्टात गेल्याचा पुरावा द्यायला तुमच्याकडे कामकाजाचे 10 दिवस असतात.

टेलिग्राम चॅनेल किंवा दुवे पुरवणारी संकेतस्थळं यांच्यासाठी कॉपीराइट नियम 2013 मधला नियम 75 वापरा. तक्रारीत कृतीचं वर्णन, तुम्ही मालक असल्याचे कागद, नेमका पत्ता आणि 21 दिवसांत न्यायालयाचा आदेश आणून देण्याची हमी लिहायची. मध्यस्थाने, म्हणजे टेलिग्रामने किंवा त्या संकेतस्थळाने, 36 तासांत तो मजकूर बंद करायचा असतो. 21 दिवसांत आदेश आला नाही तर तो पुन्हा उघडू शकतो, हे आधीच जाणून घ्या. "चॅनेल कोणाचं ते सांगता येत नाही" हे उत्तर आता अखेरचं राहिलेलं नाही : 30 ऑगस्ट 2022 रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने कॉपीराइटच्याच एका प्रकरणात टेलिग्रामला चॅनेलमागच्या लोकांची माहिती द्यायला सांगितली. संकेतस्थळ परदेशी आणि निगरगट्ट असेल तर गूगलला अर्ज करून शोधातून ते पान काढून घ्या. पाहणारे मुख्यतः तिथूनच येत असतात.

फौजदारी वाटही आहे. कॉपीराइट कायद्याच्या कलम 63 खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि 50,000 ते 2 लाख रुपये दंड होतो. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे असं सर्वोच्च न्यायालयाने 20 मे 2022 रोजी स्पष्ट केलं आहे. पोलीस ठाण्यात "हा दिवाणी मामला आहे" असं ऐकवलं गेलं तर त्या निकालाची प्रत पुढे ठेवा. दिवाणी दावा जिल्हा न्यायालयात किंवा त्याच्या वर. तो करण्याआधी वकिलाच्या खर्चाची आणि गाण्याच्या कमाईची बेरीज-वजाबाकी थंड डोक्याने करा. पुष्कळदा नोटिशीवरच तडजोड होते आणि मागच्या कमाईचा वाटा हातात येतो.

पायरी 10 : पैसे खरोखर खात्यात येईपर्यंत

यूट्यूब आणि अमेरिकन वितरकांकडे कराची माहिती भरा. डब्ल्यू-8बेन हा अर्ज भरून भारत-अमेरिका कर कराराचा लाभ घेतला तर अमेरिकेतल्या श्रोत्यांकडून आलेल्या रॉयल्टीवर 30 ऐवजी 15 टक्के कपात होते. मराठी गाण्यांचा श्रोता तिकडे बराच असल्याने ही रक्कम किरकोळ नसते. भारतीय कंपन्या टीडीएस कापतात. तो आयकर विभागाकडे तुमच्या नावावर दिसतोय ना, ते विवरणपत्र भरण्याआधी तपासा. दर तिमाहीला वितरकाचा तक्ता उघडून आयएसआरसीप्रमाणे रांगा लावा, पायरी 3 च्या कागदातल्या टक्क्यांनी भागा आणि कवी-वादकांना त्यांचा वाटा, तो 40 रुपये असला तरी, तक्त्यासकट पाठवून द्या.